ग्लेनिसच्या घरचा उपवास

“ती जेवते की नाही तेच मला कळत नाही. ताटलीत काटा वाजतसुद्धा नाही,” ग्लेनिस सिंकपाशी उभी राहून नवऱ्याला सांगत होती.

“जेवते की. काल तिने भोपळा परत मागून घेतला,” रॉन म्हणाला.

“मागून नाही घेतला. मी वाढला.”

मी रिकामी बशी हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी होते. आत गेले असते तर मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं, आणि मागे वळले असते तर ती बशी रात्रभर खोलीत ठेवावी लागली असती. शेवटी मी खोटंच खोकले. दोघेही एकदम गप्प झाले आणि ग्लेनिसने माझ्या हातातून बशी घेतली. टूवूंबातल्या माझ्या पहिल्या आठवड्यातला हा सगळ्यात मोठा प्रसंग.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला एक प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, शहराबाहेर करावी लागते. मला टूवूंबाचं हॉस्पिटल मिळालं. मेलबर्नला मी क्रेगीबर्नमध्ये मामा-मामींकडे राहते. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळतो आणि शेजारची गुजराती काकू सकाळी सकाळी हाका मारते. टूवूंबा ब्रिस्बेनपासून आत, डोंगरकड्यावर वसलेलं गाव आहे. खाली समुद्राकडची गरम हवा आणि वर आलं की स्वेटर. बसेस कमी, त्यामुळे हॉस्पिटलच्या जवळच खोली हवी होती. युनिव्हर्सिटीच्या यादीत एक जाहिरात दिसली: शांत घर, स्वतंत्र खोली, घरात दारू, सिगरेट, चहा, कॉफी नाही.

“चहा नाही?” मामी म्हणाली. “दवाखाना आहे का घर?”

मामाने शोधून काढलं की ते मॉर्मन असणार. मामीला मॉर्मन म्हटल्यावर एकच गोष्ट माहीत होती. “म्हणजे ते, खूप बायका करणारे?” मामाने तिला सांगितलं की ते केव्हाच बंद झालं, आता एकच बायको आणि चहाही नाही. मग मामीने माझ्या बॅगेत साबुदाणा, दाण्याचं कूट, गोडा मसाला आणि तुपाची बरणी भरली. वाळवंटात चालले आहे अशा हिशेबाने.

फळीवरचे पीच

वाळवंटात कुणी एवढी बेगमी करत नसेल. ग्लेनिसच्या लाँड्रीशेजारी एक खोली आहे. तिच्या फळ्या जमिनीपासून छतापर्यंत भरलेल्या. काचेच्या बरण्यांत पीच, प्लम, बीट, टोमॅटोचं रेलिश. खाली झाकणबंद बादल्यांमध्ये गहू, तांदूळ, ओट्स. प्रत्येक कुटुंबाने काही महिने पुरेल इतकं घरात साठवून ठेवावं, अशी त्यांच्यात शिकवण आहे. नोकरी जाते, पूर येतो, आजारपण येतं. मागे एकदा रॉनची नोकरी गेली तेव्हा सगळा हिवाळा याच खोलीवर काढला, असं ग्लेनिस अभिमानाने सांगत होती. मुलांना मात्र अजूनही बीटाची बरणी दिसली की पळून जावंसं वाटतं.

मला कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधला बेडखालचा पत्र्याचा डबा आठवला. आई वर्षाच्या तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून त्यात भरते आणि बाबा दरवर्षी म्हणतात की आता खाली मॉल आहे, हे कशाला. हे मी ग्लेनिसला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, त्याची इंग्रजी इस्त्री होते, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

गहू ती घरीच दळते. कपाटातून छोटी विजेची गिरणी काढते, आणि लाँड्रीत गरम पिठाचा वास सुटतो. दळण घेऊन येताना डब्याला हात लावला की लागायची ती ऊब मला त्या वासातच जाणवली. एका संध्याकाळी मी विचारून त्या पिठाच्या पोळ्या केल्या. पीठ जरा भरड होतं, कडा फाटल्या. रॉनने पोळीवर गोल्डन सिरप ओतलं, गुंडाळली आणि उभ्या उभ्या खाल्ली. आमच्याकडे लहान मुलांना तूप-गुळाची पोळी देतात तशीच. मी पुन्हा काही बोलले नाही, पण त्याला आणखी एक करून दिली.

आणि ते हिरवं सॅलड. थरथरणारी हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर आणि अननस. ती जेवणात भाजीच्या जागी वाढतात. हे अमेरिकेतल्या मॉर्मन घरांतून इथवर आलेलं आहे, असं रॉन म्हणाला, जसा काही त्याबद्दल माफीच मागत होता. मी अंडं खाते, पण मांस खात नाही. जेलीत जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असतं हे मला माहीत होतं, पण सांगायचा धीर होईना, म्हणून मी ती काट्याने ताटलीभर फिरवत बसले. ग्लेनिसने काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तशीच जेली टेबलावर आली. ती माझ्यासमोर ठेवत तिने सहज सांगितलं की ही समुद्रातल्या शेवाळापासून केली आहे, पाकिटाच्या मागे वाचून बघितलं. म्हणजे आपलं चायना ग्रास. त्या रात्री मी गाजराचं ते विचित्र सॅलड दोनदा घेतलं, आणि काटा ताटलीवर मुद्दाम वाजवला.

चहाची तलफ मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भागवत असे. घरी संध्याकाळी ग्लेनिस भाजलेल्या बार्लीचं एक पेय देई. दिसायला कॉफी, चवीला करपलेली पेज. आता मेलबर्नला आल्यावर मी त्याचा डबा शोधून आणला आहे. मामी त्याच्याकडे संशयाने बघते.

शनिवार

शनिवारी सकाळी रॉन मला गावाबाहेर घेऊन गेला. डोंगरावरची लाल माती संपली की पश्चिमेला काळी जमीन सुरू होते, आणि त्या जमिनीत, नजर पोहोचेल तिथपर्यंत, ज्वारी. बुटकी, तांबड्या कणसांची. रॉन म्हणाला, जनावरांचं खाद्य. मी भाकरीबद्दल बोलणार होते. तेवढ्यात फोन वाजला.

आईचा होता. मी गाडीपासून लांब गेले.

बाबांच्या हृदयात तीन ब्लॉकेज निघाले होते. चालताना धाप लागते म्हणून तपासायला गेले आणि त्यांना तिथेच ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी बायपास. मी एकुलती एक. मावशी नाशिकहून मंगळवारी पोहोचणार होती, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी आई बाहेर एकटी. आईने हे मामाला, तिच्या सख्ख्या भावालाही, सांगितलं नव्हतं. तो लगेच तिकीट काढून बसेल म्हणून. आमच्या घरात आजारपण बरं झाल्यावर सांगतात. आधी सांगितलं की लोक विचारतात, आणि विचारलं की ते खरं होतं, असं काहीसं असावं. बाबांनी फोन घेतला आणि दमच दिला: “प्लेसमेंट सोडून आलीस तर मी टेबलावरून उठून जाईन.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी हॉस्पिटलमध्येही कुणाला सांगितलं नाही. घरी परतल्यावर दिवसभर मी खोलीत दार लावून पुण्याला फोन करत होते. मराठीत बोलत होते, त्यामुळे दाराला आणखी एक कडी लावल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी जेवताना ग्लेनिसने सांगितलं की उद्या त्यांचा फास्ट आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. वाचलेल्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी देतात. माझं जेवण फ्रिजमध्ये असेल, मी संकोच करू नये. मी पहिल्यांदाच, तयार न केलेलं वाक्य बोलून गेले, की आमच्यातही उपवास असतो आणि मीही उद्या करेन. ग्लेनिस माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. उपवासासारख्या साध्या गोष्टीने एवढं काय झालं, ते मला कळेना. पण इतक्या दिवसांत तिच्यासाठी काहीतरी करायची संधी मिळाली होती. झोपण्याआधी मी सगळाच्या सगळा साबुदाणा भिजत घातला.

रविवार

सकाळी ते दोघे उठायच्या आत मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. साबुदाणा छान मोकळा भिजला होता. बटाट्याच्या काचऱ्या, जिरं, हिरवी मिरची, मामीचं कूट, मामीचं तूप. एक्झॉस्टचं बटण सापडलं नाही, त्यामुळे तुपा-जिऱ्याचा वास पार त्यांच्या बेडरूमपर्यंत गेला असणार. रॉन टाय बांधता बांधता बाहेर आला. मागून ग्लेनिस. टेबलावर तीन बशा, लिंबाच्या फोडी, वाफाळती खिचडी.

“हे काय आहे?” ग्लेनिसने विचारलं.

“उपवासाची खिचडी,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी.”

दोघेही बशांकडे बघत उभे राहिले. रॉनने खूप सभ्यपणे विचारलं, “म्हणजे उपवास असल्यामुळे हे खायचं?”

“हो.”

“बटाटा चालतो?”

“चालतो.”

“भात?”

“भात नाही चालत.”

“का?”

मला माहीत नव्हतं. शेंगदाणा का चालतो आणि तूरडाळ का नाही, राजगिरा का आणि गहू का नाही, हे मी जन्मात कुणाला विचारलेलं नव्हतं. घरात फक्त ‘उपवासाला चालतं का’ एवढाच प्रश्न असतो आणि आईला उत्तर येतं. रॉनने मग हळूच सांगितलं की त्यांच्या उपवासात काल रात्रीपासून आज संध्याकाळपर्यंत काहीच नसतं. पाणीसुद्धा नाही. मला तिथल्या तिथे पीचच्या एखाद्या बरणीत शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. उपाशी माणसांच्या घरात मी पहाटेपासून तुपाची फोडणी घातली होती.

ग्लेनिसने मात्र कढईवर झाकण ठेवलं आणि म्हणाली की संध्याकाळी आपण उपवास याच खिचडीने सोडू. वातावरण हलकं करायला रॉन म्हणाला, “वास फार छान आहे. तुझ्या वडिलांना आवडते का ही?”

“खूप,” मी म्हणाले. आणि मग लक्षात आलं की बाबांबद्दल मी या घरात कधी एक शब्दही काढला नव्हता.

ग्लेनिसने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की आमच्या आईची आठवण व्हावी. मग हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“भिंती पातळ आहेत,” ती म्हणाली. “तुझी भाषा आम्हाला कळत नाही. पण तुमच्या बोलण्यात आमचे बरेच शब्द असतात. ब्लॉकेज. बायपास. आयसीयू. मंडे. आणि बाबा म्हणजे कोण, ते कुणालाही कळतं. मी तुला विचारायला हवं होतं. रॉन म्हणाला, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. आमच्या उपवासाला एक कारण ठरवायचं असतं. आज ते कारण तुझे वडील आहेत. फक्त आमच्या चर्चमधल्या सिनाला सांगितलंय, ती आमच्याबरोबर करते आहे. तुला नको असेल तर तसं सांग.”

मला राग आला, हे खरंच लिहायला हवं. कुणीतरी माझ्या बॅगेचं कुलूप उघडून आतले कपडे नीट घड्या घालून परत ठेवले आहेत, असं काहीतरी वाटलं. घड्या सुरेख होत्या, पण बॅग माझी होती. मी थँक यू म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावलं.

पातळ भिंतीपलीकडे दोघे कुजबुजतही नव्हते. मला ऐकू जाईल म्हणून गप्प असावेत. मी पलंगावर बसून पाण्याची बाटली उघडली आणि तेवढ्यात आठवलं की आज रात्रीपासून बाबांनाही काही द्यायचं नव्हतं. आईने सांगितलं होतं, पाणीसुद्धा नाही. वॉर्डात मी रोज पेशंटच्या उशाशी तशी पाटी बघत होते. मी बाटलीचं झाकण लावलं, कुर्ता घातला आणि बाहेर येऊन चर्चला निघालेल्या त्यांच्या गाडीत बसले.

त्यांचं प्रार्थनास्थळ म्हणजे मूर्ती नाही, क्रूस नाही, साधा हॉल. एका मोठ्या दाराआड चक्क बास्केटबॉलचं कोर्ट. सगळे एकमेकांना ब्रदर अमुक, सिस्टर तमुक म्हणतात. ते मला फार सोयीचं वाटलं. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची सवय मला ऑस्ट्रेलियात राहून अजून झालेली नाही. सिना माझ्याशेजारी येऊन बसली. ती सामोअन आहे, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची. रुंद बांध्याची, केसांत फूल, हॉस्पिटलच्याच किचनमध्ये कामाला. मला तिने एकदाही काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा केली. पावाचे तुकडे आणि मग पाण्याचे इवले इवले पेले ट्रेमधून फिरले. सिनाने कानात सांगितलं की पाहुण्यांनी नाही घेतलं तरी चालतं. तहानेने घसा कोरडा पडलेला, आणि दिवसभरातलं एकुलतं एक पाणी मी पुढच्या बाकाकडे सरकवलं.

त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल तो उठून माइकपाशी जातो आणि मनातलं बोलतो. एक शेतकरी पावसाबद्दल बोलला. एक मुलगी परीक्षेबद्दल बोलता बोलता रडली आणि रडत रडतच हसली. एवढ्या लोकांसमोर, कुणी बोलावलेलं नसताना. ग्लेनिस किंवा रॉन उठतील अशी मला सारखी धास्ती होती. ते जागेवरून हलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची किती ऋणी आहे, ते अजून त्यांना नीट सांगितलेलं नाही.

दुपार मोठी गेली. भुकेचं विशेष काही नाही, ती मधूनच येते आणि जाते. तहान मात्र बसून राहते. मागच्या पायऱ्यांवर ग्लेनिस आणि मी उन्हात बसलो होतो. तिने तिच्या वडिलांबद्दल सांगितलं, ते दुधाचा गोठा चालवायचे. माझ्या वडिलांबद्दल काही विचारलं नाही. माझा राग कुठे गेला ते मी शोधत होते. सापडला नाही.

संध्याकाळी सिना दोन ट्रे घेऊन आली. एकात तिच्याकडची शेवयांसारखी सामोअन चॉपसी, माझ्यासाठी खास बिनमांसाची. दुसऱ्यात चीज आणि मलईत भाजलेला बटाटा, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्सचा थर. मी खिचडीवर पाण्याचा हबका मारून ती पुन्हा गरम केली. जरा चिकट झाली, पण चालण्यासारखी. ग्लेनिसने पीचची बरणी उघडली. आणि पाण्याचा जग.

बटाट्याचा वास इतका सुंदर होता की मी स्वतःहून विचारलं, या पदार्थाला काय म्हणतात.

सिनाने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने रॉनकडे. “चीझी पोटॅटोज,” ग्लेनिस घाईघाईने म्हणाली. पण रॉनला खोटं बोलता येत नाही. “फ्युनरल पोटॅटोज,” तो म्हणाला. कुणी गेलं की त्या घरी हे करून न्यायची त्यांच्यात पद्धत आहे. सिनाचा चेहरा पडला. ती सांगू लागली की अगं, लग्नातसुद्धा करतात, वाढदिवसाला करतात, तिला फक्त बिनमांसाचं एवढंच सुचलं. तिचे डोळे भरून आले आणि मला हसू फुटलं. कालपासून पहिल्यांदा, आणि मग ते थांबेना. पुढे आठ-दहा दिवसांनी मी बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा तेही इतके हसले की आईने फोनच काढून घेतला. टाक्यांवर ताण येतो म्हणाली. मागून बाबांचा आवाज येत होता: त्या बाईंकडून कृती घेऊन ठेव.

पण रविवारी टेबलाशी बसताना हे काहीच माहीत नव्हतं. उद्याची सकाळ तेवढी समोर होती.

जेवणाआधी ते हातांची घडी घालून, मान खाली घालून प्रार्थना करतात. इतके दिवस मी त्या वेळी ताटलीवरची फुलं मोजत बसायचे. रॉनने सुरुवात केली. जेवणासाठी आभार मानले, खिचडीसाठी वेगळे मानले. मग म्हणाला, आज आम्ही या मुलीच्या वडिलांसाठी, आणि थांबला. त्याला पुढचा शब्द मिळेना. दिवसभर तिघं जण ज्याच्यासाठी पाण्यावाचून राहिले होते, त्याचं नाव त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी मला विचारलंही नव्हतं. रॉन मान खाली घालूनच थांबून राहिला.

“श्रीकांत,” मी म्हणाले. “बाबांचं नाव श्रीकांत. आणि उद्या बाहेर आई एकटी बसणार आहे. तिचंही नाव घ्या. सुनंदा.”